तबकडीवरून काय काढलं?

गेल्या काही वर्षांत मनगटी घड्याळांच्या जाहिरातींत एक ठरावीक घड्याळ सारखं दिसतं. पांढरी किंवा फिक्कट करडी तबकडी. आकडे नाहीत, त्यांच्या जागी केसासारख्या बारीक बारा रेघा. दोन सडपातळ काटे. बाराच्या खाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव. तपकिरी चामड्याचा पट्टा, आणि फोटोत शेजारी कॉफीचा कप. किंमत दीड हजारापासून पाच-सहा हजारांपर्यंत. वर्णनात तीन शब्द हमखास सापडतात : मिनिमल, क्लासिक, बाउहाउस. रत्नागिरीत मारुती मंदिरापासून खाली गोखले नाक्यापर्यंत चालत येताना कॉलेजातल्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांची मनगटं पाहिली, तर यातली दोन-चार तरी दिसतातच.

हे घड्याळ वाईट दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पूर्वी याच पैशांत काय मिळायचं ते आठवून पाहा. मनगटापेक्षा मोठी बॉडी, तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या, त्यांतली एखादी नुसतीच छापलेली, आणि कडेला आकडे कोरलेली एक जाड कडी. त्या गोंगाटानंतर ही स्वच्छ तबकडी डोळ्यांना बरी वाटते. मुलांची नजर सुधारली आहे असं म्हणायला मी तयार आहे. म्हणूनच ‘स्वस्तातलं आहे, चालायचंच’ अशी सूट या घड्याळांना देऊ नये. ज्या वस्तूवर पहिल्या पगारातले तीन-चार हजार खर्च होतात, ती गंभीरपणे तपासण्याइतकी महत्त्वाची आहेच.

प्रश्न एवढाच आहे : तबकडीवरून आकडे काढले, सेकंदकाटा काढला, मिनिटांच्या रेघा काढल्या, ते कशासाठी? कोकणात राहणाऱ्याला हा प्रश्न परका वाटू नये. इथल्या जुन्या जांभ्याच्या घरांवर नक्षीकाम फारसं नसतं. छपराला मोठा उतार असतो तो पावसामुळे, छप्पर भिंतीच्या बरंच पुढे येतं तेही पावसामुळे, आणि भिंत बिनगिलाव्याची ठेवता येते कारण खाणीतून मऊ निघणारा हा दगड हवेत टणक होतो. आता काही हॉटेलं सिमेंटच्या भिंतीवर जांभ्याच्या पातळ चकत्या डकवून घेतात. फोटोत दोन्ही भिंती सारख्याच येतात. पण एका भिंतीचं रूप तिच्या कामातून आलेलं असतं आणि दुसरीचं फोटोतून. स्वस्त मिनिमल घड्याळांबद्दल माझं म्हणणं याच धर्तीचं आहे.

नाव बाउहाउसचं

बाउहाउस ही जर्मनीतली कला आणि कारागिरीची शाळा. वॉल्टर ग्रोपिउस यांनी ती १९१९ मध्ये वायमारला काढली, १९२५ मध्ये ती देसाऊला गेली आणि नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बंद पडली. चांगली आखलेली वस्तू कारखान्यात मोठ्या संख्येने बनावी आणि साध्या माणसाच्या घरात पोचावी, ही तिथल्या मंडळींची मोठी आकांक्षा होती. आज जी घड्याळं बाउहाउस म्हणून ओळखली जातात, त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं मात्र शाळा बंद होऊन २८ वर्षं झाल्यावर आलं. ते माक्स बिल यांचं. बिल तरुणपणी देसाऊला शिकले आणि पुढे १९५३ मध्ये सुरू झालेल्या उल्मच्या डिझाईन शाळेचे एक संस्थापक झाले. युंगहान्स या जर्मन कंपनीसाठी त्यांनी १९५६ मध्ये स्वयंपाकघरात टांगायचं घड्याळ आखलं. त्यात खालच्या बाजूला मिनिटं मोजायचा टायमर होता. १९६१ मध्ये त्याच विचाराची मनगटी घड्याळं आली.

बिल यांच्या तबकडीचे फोटो नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते : तिथे काढून टाकलेलं फार थोडं आहे. साठही मिनिटांच्या रेघा आहेत. मिनिटकाटा त्या रेघांपर्यंत पोचतो, त्यामुळे दहा वाजून बावीस की तेवीस असा संशय राहत नाही. ही तबकडी स्वच्छ दिसते ती प्रत्येक गोष्टीची जाडी, लांबी आणि जागा ठरवलेली आहे म्हणून.

दुसरं मूळ रेल्वेचं. हान्स हिल्फिकर या स्विस अभियंत्याने १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्थानकांसाठी घड्याळ आखलं. त्यावर आकडे नाहीत, पण रेघा चांगल्या जाडजूड काळ्या आहेत, कारण ते लांबून, फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून, गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाने वाचायचं आहे. १९५३ मध्ये त्यात लाल सेकंदकाटा आला. त्याच्या टोकाची तबकी गाड्या सोडणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या हातातल्या इशाऱ्याच्या तबकीवरून घेतलेली. आकडे काढले, पण लांबून दिसावं म्हणून. मोंडेनने १९८६ पासून हीच तबकडी मनगटी घड्याळात आणली.

तिसरं मूळ या दोघांहून धीट आहे. नेथन जॉर्ज हॉरविट यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत आखलेल्या काळ्या तबकडीवर बाराच्या जागी एकच गोल ठिपका आहे, डोक्यावर आलेल्या सूर्यासारखा. पुढे ती मोव्हाडो कंपनीच्या नावाशी जोडली गेली. इथे अचूक वेळ वाचण्याचा आग्रहच सोडून दिला आहे, आणि तो सोडला आहे हे लपवलेलं नाही.

या तिन्ही तबकड्या साध्या आहेत, पण तीन वेगळ्या कारणांनी. आजचं दोन-तीन हजारांचं घड्याळ तिघांकडूनही थोडं थोडं घेतं. हॉरविटकडून रिकामेपण, हिल्फिकरकडून बिनआकड्यांच्या रेघा (पण जाडी नाही), बिलकडून सडपातळ काटे (पण लांबी नाही). या मिश्रणाला जगभर खप मिळवून दिला तो डॅनियल वेलिंग्टन या स्वीडिश कंपनीने. फिलिप टिसँडर यांनी ती २०११ मध्ये काढली. प्रवासात भेटलेल्या एका इंग्रज माणसाचं नाव तिला दिलं आणि जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवरच्या लोकप्रिय चेहऱ्यांचा भरपूर उपयोग केला. त्यांच्या ‘क्लासिक’ मालिकेत दोनच काटे आहेत. सेकंदकाटा नाही, तारीख नाही. ती घड्याळं फोटोत अतिशय चांगली दिसतात, आणि ती फोटोतूनच खपली.

सेकंदकाटा काढणं ही वरवर किरकोळ बाब. पण सेकंदकाटा नसला की घड्याळ चालू आहे की बंद पडलंय हे पाहताक्षणी कळत नाही. नाडी मोजता येत नाही. स्वस्त घड्याळात सेकंदकाटा रेघेवर नेमका पडत नाही, किंचित अलीकडे-पलीकडे पडतो, आणि ते रोज डोळ्यांना खुपतं. काटाच नसला की तो दोषही दिसत नाही. काढून टाकण्यामागे कधी कधी हेही कारण असतं.

जनता

बिल यांची मनगटी घड्याळं आली त्याच १९६१ साली बेंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्सच्या कारखान्यात, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, एचएमटीची घड्याळं बनू लागली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. त्या काळातलं सगळ्यात माहितीचं मॉडेल म्हणजे ‘जनता’. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्थाही १९६१ चीच. उल्ममध्ये शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर उभं केलं ते १९६९ मध्ये. म्हणजे जनताच्या तबकडीमागे उल्मचा किंवा बाउहाउसचा कोणी पदवीधर शोधण्यात अर्थ नाही.

माझ्यासमोर या क्षणी एक जनता आहे. साधारण ३५ मिलिमीटरची बॉडी, पांढरट तबकडी, काळे आकडे, मिनिटांच्या रेघा, मधोमध सेकंदकाटा. आत १७ ज्युएलचं चावीचं मशीन, सेकंदाला पाच टिकटिक करणारं. तारीख नाही, कारण तारीख म्हणजे जास्तीचे भाग. आपोआप चावी बसण्याची सोय नाही, कारण तीही म्हणजे जास्तीचे भाग आणि जास्तीचे पैसे. मात्र वेळ वाचायला जे लागतं ते सगळं आहे. शिक्षक, कंडक्टर, तलाठी यांना परवडावं आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावी दुरुस्त व्हावं, या दोन अटींतून जे उरलं ते हे घड्याळ. नावच ‘जनता’. ग्रोपिउसच्या शाळेला जे हवं होतं, कारखान्यात बनलेली नेटकी वस्तू साध्या माणसाच्या हाती, ते इथे बाउहाउसचं नाव न घेता घडलं. युंगहान्सचं माक्स बिल आज आपल्याकडे पन्नास हजारांच्या पुढे जातं. त्याच वळणाचं नोमोसचं ‘टांगेंटे’, १९९२ पासून निघणारं, लाखाच्याही पुढे. सगळ्यांसाठी म्हणून आखलेलं रूप असं थोड्यांच्या हौशीचं झालं.

जनताचं कौतुक करताना गळा काढायची मला इच्छा नाही. रोज सकाळी चावी द्यावी लागते. दिवसाला मिनिट-दोन मिनिटांचा फरक पडतो. पावसात ते पिशवीत गुंडाळून खिशात ठेवावं लागायचं. क्वार्ट्झ मशीन आलं, १९८७ मध्ये टायटन बाजारात उतरली आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं, यात गिऱ्हाइकाचं काही चुकलं नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण वस्तू म्हणून जनताकडे पाहिलं तर तिच्यावर जे नाही, ते का नाही हे प्रत्येक बाबतीत सांगता येतं.

मागचं झाकण उघडल्यावर

आता दुसरं घड्याळ, माझ्या भाच्याचं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. त्या प्रकारातल्या शंभर कंपन्यांपैकी एक. दुसऱ्या पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरली. आम्ही ते राम आळीतल्या एका घड्याळजीकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण काढलं आणि घड्याळ माझ्याकडे वळवलं. चाळीस मिलिमीटरच्या बॉडीत मधोमध नखाएवढं मशीन आणि त्याच्याभोवती प्लॅस्टिकची जाड रिंग.

“सर, घर मोठं आणि माणूस एकटा,” ते म्हणाले.

“पण मामा, मशीन जपानी आहे म्हणून लिहिलं होतं,” भाचा म्हणाला.

“जपानीच आहे. ते चांगलंच आहे. नवीन टाकलं तरी दोन-तीनशे रुपयांत येतं. पाणी आलंय ते झाकणाच्या रबरातनं.”

मशीन मियोटाचं होतं, आणि मियोटा म्हणजे सिटिझनच. एचएमटीला घड्याळ बनवायला शिकवलं त्याच घराण्याचं. म्हणजे जनता आणि भाच्याचं घड्याळ एका अर्थाने भाऊबंद. शिवाय क्वार्ट्झ असल्यामुळे भाच्याचं मशीन जनतापेक्षा कितीतरी अचूक. दोष मशीनमध्ये नव्हता, भोवतालच्या घरात होता.

छोट्या मशीनला मोठं घर बांधलं की त्याची खूण तबकडीवर उमटते, आणि ही खूण वाचायला शिकलं तर झाकण उघडायची गरज पडत नाही. तारखेची खिडकी पाहा. मशीन तबकडीच्या मापाचं असेल तर खिडकी कडेला, तीनच्या रेघेच्या जागी येते. मशीन लहान असेल तर ती मध्याकडे सरकते आणि तबकडीच्या मधेच भोक पाडल्यासारखी दिसते. मग काटे पाहा. मिनिटकाटा रेघांच्या अलीकडेच संपत असेल तर तो काटा या तबकडीसाठी केलेला नाही, तयार मिळाला तो बसवला आहे. भाच्याच्या घड्याळात मिनिटांच्या रेघाच नव्हत्या, म्हणून आखूड काटा कुणाच्या लक्षात येत नव्हता. रिकामी तबकडी इथे उणीव झाकते.

पाण्याचंही तसंच. मागच्या झाकणावर ‘३ एटीएम’ लिहिलेलं असतं आणि जाहिरातीत ‘३० मीटर’. याचा अर्थ ते घालून तीस मीटर खोल जाता येतं असा नाही. कोऱ्या घड्याळावर एकदा तेवढा स्थिर दाब दिला तर ते टिकतं, एवढंच. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांत समुद्राची खारी, दमट हवा असते. तपकिरी चामड्याच्या पट्ट्याला इथे ऑगस्टपर्यंत बुरशी येते. थंड, कोरड्या हवेतल्या मनगटासाठी जुळवलेला हा पोशाख आहे.

मशीन बदललं, घड्याळ चालू झालं. तबकडीवर मात्र चार वाजण्याच्या जागी डाग राहिला. तशी तबकडी मागवावी म्हटलं तर ते मॉडेल कंपनीच्या यादीतून गेलं होतं आणि त्याजागी नवं ‘कलेक्शन’ आलं होतं. जनताचे भाग नवीन निघत नसले तरी घड्याळजींच्या खणात बंद पडलेल्या जनतांचा साठा असतो. ‘क्लासिक’ या शब्दाचा एक अर्थ टिकणारं असा असेल, तर दोन वर्षांत यादीतून जाणाऱ्या वस्तूला तो कसा लावायचा?

मुंबई स्पेशल

जुन्या वळणाची स्वस्त घड्याळं आपल्याकडे इंटरनेटच्या जाहिरातींच्या आधीपासून बनताहेत, आणि तीही महाराष्ट्रात. जगभरचे घड्याळ जमवणारे लोक त्यांना थोड्या तुच्छतेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुन्या एचएमटीचं किंवा सायकोचं मशीन साफ करायचं, तबकडी खरवडून तिच्यावर नवा, भडक रंग द्यायचा, नाव पुन्हा छापायचं आणि ‘जुनं, कोऱ्यासारखं’ म्हणून विकायचं. कंपनीने कधीच न काढलेल्या नारिंगी आणि मोरपिशी जनता अशा बाजारात मिळतात. नाव किंचित वाकडं असतं, रेघा थोड्या हललेल्या असतात.

हा फसवणुकीचा धंदा आहे, ज्यात मूळ म्हणून नक्कल विकली जाते. तरी मुंबई स्पेशल आणि भाच्याचं घड्याळ शेजारी ठेवले की प्रश्न पडतो. एकाची तबकडी खोटी आहे पण मशीन दुसऱ्यांदा जगतं आहे, आणि ते जगवण्यात कुणा कारागिराचा हात आहे. दुसऱ्याचं सगळं नवं आणि कायदेशीर आहे, फक्त त्याला चिकटवलेला इतिहास त्याचा नाही. मुंबई स्पेशलचा खोटेपणा भिंगातून दिसतो. दुसऱ्याचा दिसायला इतिहास माहीत असावा लागतो.

याच बाजारात देवनागरी आकड्यांची जनता सगळ्यात जास्त मागितली जाते. कंपनीने अशा तबकड्या काढल्या होत्या, पण आता विक्रीला येणाऱ्यांत पुन्हा रंगवलेल्या पुष्कळ असतात. मला त्या तबकडीत भावनेपेक्षा आखणीचा प्रश्न दिसतो. देवनागरी १ आणि ९ लहान आकारात एकमेकांसारखे दिसू शकतात. ५ आणि ८ मराठी वळणाने काढायचे की हिंदी, हे ठरवावं लागतं. गोलाकार आकड्यांना रोमन आकड्यांपेक्षा रुंद जागा लागते, आणि १०, ११, १२ ला तर दुप्पट. आपली स्वतःची साधी तबकडी करायची तर काम इथून सुरू होईल. त्याऐवजी बहुतेक नव्या कंपन्या आकडेच काढून टाकतात आणि त्याला मिनिमल म्हणतात.

मग घ्यायचं काय?

जी घड्याळं साधी आहेत आणि तो साधेपणा ज्यांनी कमावला आहे, अशी आपल्याकडे मिळतात. टायटनने २००२ मध्ये ‘एज’ काढलं. क्वार्ट्झ मशीनची जाडी १.१५ मिलिमीटर आणि पूर्ण घड्याळ ३.५ मिलिमीटर. तिथली मोकळी तबकडी जाडीच्या लढाईतून आली आहे. सगळं घड्याळ एका आग्रहाभोवती बांधलं आहे आणि ते हातात घेतल्यावर कळतं. पण ते स्वस्त नाही. दुसऱ्या टोकाला कॅसिओचं एमक्यू-२४, हजाराच्या आसपास : काळं प्लॅस्टिक, तीन काटे, आणि आकड्यांचा प्रकार घेतला तर पांढऱ्या तबकडीवर बारा ठळक आकडे. त्याच्या जाहिरातीत बाउहाउस हा शब्द नसतो. पट्ट्याला बुरशी येत नाही. एसटीत शेवटच्या बाकावर, खिडक्यांचे पडदे पाडलेले असतानाही वेळ दिसते. सगळ्यांना परवडेल अशी कारखान्यातली वस्तू हा निकष लावला, तर जनताचा वारस मला यातच दिसतो, हे दिसायला कितीही ओबडधोबड असलं तरी.

भाच्याला मी यातलं काही घे म्हणून सांगितलं नाही. डाग पडलेलं घड्याळ त्याने नायलॉनचा पट्टा लावून ठेवलं आहे आणि ते वेळ बरोबर दाखवतं. पण पुढच्या वेळी फोटोवर न भाळता त्याने चार गोष्टी पाहाव्यात असं मला वाटतं. मिनिटकाटा रेघांना टेकतो का. तारखेची खिडकी जागच्या जागी आहे का. झाकणाचं रबर आणि तबकडी पाच वर्षांनी मिळेल का. आणि तबकडीवरून जे काढलं आहे, ते काढल्याने वेळ वाचणं सोपं झालं की फक्त घड्याळ बनवणं सोपं झालं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दुकानदार देऊ शकेल. चौथ्याचं उत्तर घड्याळ मनगटावर घालून, अंधुक उजेडात एकदा वेळ वाचली की ज्याचं त्याला मिळतं.